वेग कोण सांभाळतंय?

मंडळी, आमच्या वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. तरी आता प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी नागपूरहून विमानाने जात-येत असतं. "विमान आता आपोआपच चालतं," असं ही मुलं सांगतात, तेव्हा मला १४ फेब्रुवारी १९९० हा दिवस आठवतो.

त्या दिवशी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान बंगलोरच्या धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर कोसळलं. १४६ माणसांपैकी ९२ गेली. विमान नवंकोरं एअरबस ए-३२०. दुपारची वेळ, इंजिनं ठीक. मग झालं काय? विमानाचा वेग कमी पडला.

इथे वेग म्हणजे जमिनीवरचा नव्हे, हवेतला. पैनगंगेच्या धारेविरुद्ध पोहणारा काठावरून बघितलं तर जागीच दिसतो, पण पाणी त्याच्या अंगावरून वाहतच असतं. तसं पंखांवरून हवा किती वेगाने जाते यावर विमान तरतं. हा वेग मोजायची युक्ती विमानाहून कितीतरी जुनी. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सीन नदीत वाकवलेली नळी धरली. प्रवाहाच्या धडकेने नळीत पाणी चढलं आणि त्यावरून वेग काढता आला. आजही विमानाच्या नाकाजवळ पितो नळी असते. समोरून धडकणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूच्या भोकातून मिळणारा स्थिर दाब, यांच्या फरकावरून वेग निघतो.

१९१४ मध्ये त्याच सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने हात वर करून विमान उडवून दाखवलं. गायरोस्कोप विमान सरळ ठेवत होते. पुढे संगणक आले आणि वेग राखायचं कामही यंत्राकडे गेलं.

वेग राखायचे मार्ग दोन. सायकलवरच बघा ना! सपाट रस्त्यावर पायडल मारून वेग राखता येतो. उतारावर पायडल न मारताही मिळतो, पण मग उतार टिकला पाहिजे. विमानातही तसंच. एक तर इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा, नाही तर नाक खाली-वर करायचं.

बंगलोरला विमान दुसऱ्या पद्धतीत होतं. संगणकाने इंजिनं मंद ठेवलेली, आणि नाक मात्र वैमानिकांच्या हातात. दोघांपुढचे 'फ्लाइट डायरेक्टर' बंद झाले असते तर संगणकाने इंजिनाचा जोर वाढवून वेग धरला असता. एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. ताशी सुमारे २४५ किलोमीटर हवा असलेला वेग १९६ च्या आसपास आला. शेवटी जोर दिला, पण मंद इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे उरले नव्हते.

न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने ठपका वैमानिकांवर ठेवला. सरकारने मात्र या जातीची सगळी विमानं काही काळ जमिनीवर ठेवली होती. म्हणजे शंका यंत्रावरही होतीच. मला वाटतं, वेग यंत्र सांभाळतंय असं माणसांना वाटत होतं, आणि यंत्र आपल्याला दिलेलंच काम करत होतं. वेगाकडे लक्ष कुणाचंच नव्हतं.

१ जून २००९ ला अटलांटिकवर उलटं घडलं. एअर फ्रान्सच्या विमानाच्या पितो नळ्या बर्फाने तुंबल्या, वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलटने काम सोडून दिलं. अचानक सगळा भार वैमानिकांवर आला. तो पेलला नाही. २२८ माणसं गेली.

आमच्याकडे शेतकरी विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवतात. रात्री लाइन आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठीच, रात्रीची पायपीट वाचते. पण विहिरीत पाणी आहे का, हे तो बघत नाही. ते शेतकऱ्यानेच बघून ठेवायचं असतं.

असो. मुलांनो, विमानाने खुशाल जा. यंत्रांनी प्रवास पुष्कळ सुखरूप केला आहे, हेही खरंच. फक्त "आपोआप चालतं" म्हणताना त्या ९२ जणांची आठवण असू द्या.