बडा सिमला आणि दहावीचे पुस्तक : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

उत्क्रांती शाळेत शिकवावी की नाही, या वादाचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी बहुधा अमेरिकेतून सुरुवात करतो. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर भरलेला खटला, २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर शाळांच्या प्रकरणात 'बुद्धिमान रचना' हे विज्ञान नव्हे, असा लागलेला निकाल – ही सगळी सामग्री वाचनीय आहे आणि ती वाचलीच पाहिजे. पण तेवढ्यावर जबलपूर किंवा नागपूरच्या शाळेत गेलात, तर वाद आहे कुठे, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे डार्विनला सरळ नकार देणारे थोडे. 'हे आमच्याकडे आधीच होते' आणि 'हे परीक्षेला नाही' ही दोन वाक्ये मात्र सर्रास ऐकू येतात. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तोच आहे.

जबलपूरपासून आरंभ करण्याला कारण आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या स्लीमनला १८२८ साली इथल्या बडा सिमला टेकडीच्या परिसरात अजस्र हाडे मिळाली. 'डायनोसॉर' हे नाव रिचर्ड ओवेनने घडवले ते १८४२ साली, आणि डार्विनचा ग्रंथ आला १८५९ साली. म्हणजे पुरावा हाती आला तेव्हा त्याला नाव नव्हते, की त्याचा अर्थ लावणारा सिद्धान्त नव्हता. शेपटीच्या मणक्यांवरून पुराजीवशास्त्रज्ञ लायडेकरने या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' म्हटले, तेव्हा १८७७ साल उजाडले होते. पुढे भूवैज्ञानिक मॅटलीने याच टेकडीवर खोदकाम केले. त्यातून मॅटलीने आणि पुराजीवशास्त्रज्ञ फॉन ह्यूनेने मिळून १९३३ साली वर्णन केलेले इंडोसूकस आणि इंडोसॉरस हे मांसाहारी प्राणी शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. त्यांचे भाऊबंद सापडतात मादागास्करात आणि थेट अर्जेंटिनात. मधल्या समुद्राचे काय, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. गोंडवन भूखंड, त्याचे तुटणे, एका पूर्वजाचे वेगवेगळ्या तुकड्यांवर पांगलेले वंशज – तास कसा संपला, ते मुलांना कळणार नाही.

ही हाडे ज्या थरांत आहेत, त्यांना नर्मदेकाठच्या लमेटा घाटाचे नाव मिळाले आहे. लमेटाच्या डोक्यावर बसला आहे तो सह्याद्रीचाच काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हेच थर खाली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यातही उघडे पडतात. तिथली हाडे गोळा करणाऱ्यांत पहिला होता स्टीफन हिस्लॉप, नागपुरातला स्कॉटिश मिशनरी. ज्याच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे, तोच. बायबल शिकवायला आलेला पाद्री सुटीत जीवाश्म वेचत हिंडत होता, हे ध्यानात ठेवले की धर्म विरुद्ध विज्ञान ही सोपी मांडणी निदान आपल्या मुलखात तरी टिकत नाही.

आता पहिल्या वाक्याकडे, 'हे आमच्याकडे आधीच होते' याकडे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी सांख्यांची सृष्टि-उभारणी आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचा उत्क्रांतिवाद शेजारी-शेजारी ठेवून पाहिला. टिळकांचा तो व्यासंग होता. नंतर त्याची सोपी आवृत्ती झाली. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह अशी दशावतारांची रांग म्हणजेच उत्क्रांती, असे सांगणारे शिक्षक मी कितीतरी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, मुलांना गंमत वाटते. पण या रांगेत डार्विनचे मुख्य म्हणणेच गळते. पिढीत दिसणारे लहानसहान फरक, त्यांतल्या काहींचेच टिकणे, बाकीच्यांचे मरणे, आणि या सगळ्यामागे कोणाचाही संकल्प नसणे – अवतार तर संकल्पानेच होतो. नकाराशी वाद घालता येतो, पण प्रेमाने मिठी मारून पचवून टाकणाऱ्याशी काय वाद घालणार?

उघड नकार आला तोही मराठी भूमीवरच. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेच नाही, असा त्यांचा दावा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून निषेध केला, आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगितले. गंमत म्हणजे त्याच वर्षी बालभारतीचे दहावीचे नवे पुस्तक आले, आणि विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा होता 'आनुवंशिकता व उत्क्रांती'.

दुसरे वाक्य, 'हे परीक्षेला नाही', गाजावाजा न होता प्रत्यक्षात आले ते नंतर. कोविडनंतरचा अभ्यासाचा भार हलका करताना एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि धड्याच्या शीर्षकात 'आनुवंशिकता' तेवढी उरली. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. बारावीच्या जीवशास्त्रात प्रकरण आहेच, हे उत्तर खरे आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेणारे किती? वाणिज्य आणि कला शाखांकडे वळणाऱ्या मुलांचे विज्ञान दहावीतच संपते. धर्मशास्त्राचा एक शब्दही न उच्चारता विषय त्यांच्यापुरता नाहीसा होतो. म्हणून या क्षेत्रातल्या अभ्यासकाने न्यायालयाच्या निकालांइतकेच वेळापत्रक, गुणांची विभागणी आणि वगळलेल्या भागांच्या याद्या बारकाईने वाचाव्यात. त्या रूक्ष असतात, पण निर्णय तिथेच होतात.

नव्या अभ्यासकाने पहिले काम म्हणून दहावीची दोन्ही पुस्तके, बालभारतीचे आणि एनसीईआरटीचे, समोर ठेवावीत. मग भौतिकशास्त्राची पदवी घेऊन जीवशास्त्रही शिकवावे लागणाऱ्या एखाद्या शिक्षकाला गाठावे आणि हा धडा तो किती तासांत आटोपतो, कोणते पान सोडून देतो, ते विचारावे.