ईसीजीवरून ओळख: कल्पना कुठून आली?

ईसीजीवरून माणूस ओळखायचा, ही कल्पना तुम्हाला स्मार्टवॉचच्या काळातली वाटेल. पण तिची मुळं बरीच मागे जातात. 1887 मध्ये ऑगस्टस वॉलरने लंडनमध्ये माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख पहिल्यांदा नोंदवला. पुढे लायडनच्या विलेम आइंटहोवेनने स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर वापरून तो स्पष्ट मिळवला, लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. 1924 चं नोबेल त्यालाच.

डॉक्टरांना हवा होता आजार. हृदयाचा आकार, छातीतली त्याची जागा यांमुळे निरोगी माणसांच्या आलेखांत पडणारा फरक म्हणजे त्यांच्या दृष्टीने अडचणच. 2001 मध्ये स्वीडनमध्ये लेना बील आणि सहकाऱ्यांनी 20 जणांवर प्रयोग करून दाखवलं, की याच फरकावरून माणूस ओळखता येतो.

मग शोधनिबंध वाढले. अनेकांनी एमआयटी-बीआयएच डेटाबेस घेतला. तो मुळात हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी बनवलेला: 47 माणसं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 48 नोंदी. एकाच नोंदीचा एक तुकडा शिकवायला, दुसरा तपासायला घेतला की अचूकता छान येणारच! पण इलेक्ट्रोड काढून महिन्याने पुन्हा लावले तर? धावून आल्यावर?

2017 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दुसऱ्या उपकरणांवर घेतलेल्या ईसीजीवरून नकली सिग्नल बनवून नायमी बँडला 81 टक्के वेळा फसवलं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. हृदय कसं बदलणार?

म्हणून पेपर हातात घेतलात की आधी अचूकतेचा आकडा बघू नका. नोंदी किती दिवसांच्या आहेत, ते शोधा.