परदेशी पातं, गावची मूठ

गोव्यातल्या डिचोली-सांखळीकडचा शिगमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना घोडेमोडणी समजावून सांगायला नको. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात नंगी तलवार. सांखळीचा वीरभद्र तर दोन्ही हातांत तलवारी घेऊन नाचतो. आमच्या रवळनाथाच्या हातातही खड्ग असतंच. पेडणे आणि डिचोली या महालांत तलवार अशी अजून माणसांत वावरते. ती घडवली कोणी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मला त्याच प्रश्नाने धरून ठेवलं आहे.

उत्तर दोन तुकड्यांत मिळतं. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून युरोपातली लांब, सरळ पाती या किनाऱ्यावर उतरू लागली. त्यांतली पुष्कळशी जर्मनीतल्या सोलिंगनची, काही इटली-स्पेनची. ती विकली गेली, नजराण्यात दिली गेली, लढाईत हाती लागली. असं पातं चढवलेल्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणतात. शिवाजी महाराजांची एक तलवार सावंतांकडून तीनशे होनांना आली, असं परंपरा सांगते. कोल्हापूरहून १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली आणि आज लंडनच्या राजसंग्रहात असलेली जगदंबा हीदेखील युरोपीय पात्याचीच.

आमचे दोन्ही महाल तेव्हा याच सावंतांकडे, म्हणजे वाडीकर भोसल्यांकडे होते आणि पलीकडे बार्देशात पोर्तुगीज. हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये व्हिसेरेईने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला, आणि त्या विजयाबद्दल त्याला आलोर्नाचा, म्हणजे हळर्णचाच, मार्क्विस हा किताब मिळाला. डिचोली कायमची गेली ती १७८१ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. एवढा काळ ही सरहद्द धगधगत होती. शत्रूकडचंच पातं, मूठ बदलून, आपल्या शिपायाच्या हाती येत होतं.

कारागिरी आहे ती या मूठ बदलण्यात. आमच्या घरच्या तलवारीकडे पाहून सांगतो. पातं हातभराहून बरंच लांब, पाठीशी तीन उथळ नाळी, त्यांत कसलासा झिजलेला छाप. युरोपात ते तयार झालं तेव्हा त्याला तिथल्या पट्टेबाजीला सोयीची मूठ असणार. आमच्या लोहाराने ती काढून टाकली आणि रुंद पत्र्याची, बोटांवरून वळून येणारी परज बसवली. आतून गादी, तिच्या मखमलीचा तांबूस धागा अजून शिल्लक आहे. वर वाटोळी कटोरी आणि कटोरीतून निघालेला वितीएवढा गज. दोन्ही हातांनी घाव घालायचा तर डावा हात त्या गजावर येतो. एवढं लांब पातं घावासरशी थरथरतं आणि सगळा हिसका सांध्यावर येतो. म्हणून पात्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या रिबिटांनी ठोकल्या आहेत, आणि त्या पट्ट्यांच्या कडा पानासारख्या कातरल्या आहेत. जोर सांभाळायला लावलेल्या पट्टीवर इतकी नजर देणारा माणूस नुसता हातोडा मारणारा नव्हता. त्याचं नाव कुठेही नाही.

जपानी तलवारीची गोष्ट इथे आठवते. तिथे मुठीत जाणाऱ्या दांडीवर लोहार आपलं नाव कोरतो, कित्येकदा साल आणि गावही. मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेली असते. खुंटी काढली की दांडी मोकळी होते आणि नाव वाचता येतं. पात्याला कितीही वेळा पाणीदार करोत, त्या दांडीवरचा गंज कोणी घासत नाही. गंजाचा रंग पाहून जाणकार तलवारीचं वय ठरवतात. आपल्याकडे दांडी मुठीत लाखेने बसवलेली. तापवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आत काय आहे ते पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहत नाही.

जपानशी आमचं नातं केवळ तुलनेचं नाही. गोव्यातले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या तोडीचे आहेत, असं गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला कळवलं होतं. १५४३ मध्ये पोर्तुगीजांसोबत तानेगाशिमा बेटावर पोचलेल्या बंदुकांची घडण गोवा-मलाक्काच्या वळणाची होती, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या बंदुकीने सामुराईचं चिलखत बदललं. दोऱ्यांनी गुंफलेल्या बारीक पट्ट्यांच्या जागी छातीवर अखंड पत्रे आले, आणि पुढे गोळी झाडून पारखलेल्या चिलखतावरचा खळगा मुद्दाम तसाच ठेवू लागले. १५८८ मध्ये गोव्याचा व्हिसेरेई दुआर्त द मेनेझेस याने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला पत्र लिहिलं. सोबत दोन मोठ्या तलवारी, दोन चिलखतं, दोन घोडे आणि पिस्तुलं होती. वालिन्यानो या जेझुइटाने ते १५९१ मध्ये क्योतोला पोचवलं. उलट भेट म्हणून तिकडूनही चिलखतं आणि तलवारी निघाल्या. ते पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेलं आहे. आणि १९५० नंतर डिचोलीतल्या शिरगावची लोहमाती जहाजं भरभरून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे गेली, तेही याच वाटेने.

त्यांनी पत्र जपलं, दांडीवरचा गंजही जपला. आपण काय करतो? दसरा किंवा शिगमा जवळ आला की जुनी तलवार काढायची, पॉलिश पेपरने घासायची, नाहीतर शहरात नेऊन निकेलचा मुलामा चढवून आणायचा. घासताना सोलिंगनचा छाप जातो, परजेवरची बारीक रेघ जाते. मला हे बघवत नाही. गावातल्या प्रत्येक घरी मी हात जोडून सांगतो: मऊ फडक्याने धूळ पुसा, मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवा आणि परत ठेवा. पूजेला तेवढं पुरतं. देवीला मुलाम्याची चमक लागत नाही. आणि कोणी मूठ तापवून साफ करू म्हणाला, तर त्याच्या हाती तलवार देऊच नका. आतली लाख वितळून गळते, पातं खिळखिळं होतं, आणि घोडेमोडणीत ते कोणाच्या अंगावर सुटेल याचा नेम नाही.