व्यावसायिक वार्तापत्र

लहान उद्योगाने आपल्या ग्राहकांना ठरावीक मुदतीने, बहुधा विनामूल्य, छापून किंवा ई-मेलद्वारे पाठवलेले माहितीपर पत्रक म्हणजे व्यावसायिक वार्तापत्र. जाहिरातीचा रोख तत्काळ विक्रीवर असतो, तर वार्तापत्र उपयुक्त माहिती देऊन दीर्घकाळचा विश्वास संपादन करू पाहते. म्हणून त्यात मालाच्या स्तुतीपेक्षा त्याचा वापर, निगा, दुरुस्ती आणि ग्राहकांच्या शंका यांना अधिक जागा देणे इष्ट ठरते.

अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सुरू केलेले ‘द फरो’ हे या प्रकाराचे जुने उदाहरण होय. मराठीत याहून बोलका दाखला ‘किर्लोस्कर खबर’चा आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे गृहपत्र, म्हणजे संस्थेने स्वतः चालवलेले नियतकालिक, म्हणून शंकरराव किर्लोस्कर यांनी ते १९२० मध्ये काढले; पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ हे समाजसुधारणेचा पुरस्कार करणारे मासिक झाले. मालापलीकडच्या जीवनाकडे पाहणारे संपादन वाचक जोडते, हे त्याने निःसंशय सिद्ध केले.

प्रकाशनातील नियमितपणा हा मजकुराइतकाच महत्त्वाचा असून, झेपेल तेवढाच कालावधी प्रारंभी जाहीर करावा. ई-मेलमध्ये विषयओळ, म्हणजे पत्र उघडण्यापूर्वी दिसणारे शीर्षक, आतील मजकुराशी प्रामाणिक असावी. पत्ते संमतीनेच मिळवावेत; भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार दिलेली संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे असावे लागते.