स्टोबर प्रक्रिया

स्टोबर प्रक्रिया : अल्कोहॉल, पाणी, अमोनिया आणि सिलिकॉनचे एक एस्टर एवढ्या सामग्रीतून सिलिकेचे गोल व जवळजवळ एकाच आकारमानाचे कण तयार करण्याची पद्धत. कणांचा व्यास सु. 50 नॅनोमीटरपासून 2 मायक्रोमीटरपर्यंत ठेवता येतो. भट्टी, निर्वात पंप किंवा उच्च दाबाचे पात्र लागत नाही. खोलीच्या तापमानाला, झाकण असलेल्या पात्रात चुंबकी ढवळणीवर काम होते. नंतर या कणांवर किंवा त्यांच्या पोटात रंगद्रव्य, औषध, सोने, चुंबकी ऑक्साइड असे काही बसवले की ते विशिष्ट उपयोगाचे, म्हणजे कार्यात्मक, नॅनोकण होतात.

इतिहास : सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अल्कोहॉल यांपासून सिलिकॉनचे एस्टर बनवण्याचे श्रेय फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाक-झोझेफ एबेलमेन यांना जाते. दमट हवेत हा द्रव हळूहळू काचेसारखा घट्ट होतो, हे त्यांनी 1840 च्या दशकातच नोंदवले होते. अमोनियाच्या सान्निध्यात यातून गोल कण मिळतात हे जी. कोल्बे यांच्या येना येथील 1956 च्या प्रबंधात आले. मात्र पद्धतीला नाव मिळाले ते वेर्नर स्टोबर, आर्थर फिंक व एर्न्स्ट बोन यांच्या 1968 मधील शोधनिबंधामुळे. स्टोबर हे हवेतील तरंगत्या कणांचे अभ्यासक. अशा अभ्यासाला व्यास नेमका माहीत असलेले नमुन्याचे कण हवे असतात, आणि ते मिळवण्याची पद्धतशीर वाट या निबंधाने दाखवली. त्यांनी अल्कोहॉल, एस्टर, पाणी व अमोनिया या चारही गोष्टी बदलून पाहिल्या आणि प्रत्येकीचा व्यासावर होणारा परिणाम मांडला. कोल्बे मागे पडले व स्टोबर यांचे नाव राहिले याचे कारण बहुधा हेच असावे.

रसायन : नेहमीचा कच्चा माल टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, संक्षेपाने टीईओएस. यात सिलिकॉनच्या अणूला चार एथॉक्सी गट जोडलेले असतात. पाण्याने या गटांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात. हे जलीय विच्छेदन. असे दोन रेणू भेटले की पाणी किंवा अल्कोहॉल बाहेर टाकून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध तयार होतो, हे संघनन. दोन्ही विक्रिया पूर्ण झाल्या तर 100 ग्रॅम टीईओएसपासून सु. 29 ग्रॅम सिलिका हाती लागते, बाकीचे एथॅनॉल होऊन जाते. टीईओएस पाण्यात मिसळत नाही. एथॅनॉल दोघांनाही सामावून घेते, म्हणून ते माध्यम.

अमोनिया इथे दोन कामे करतो आणि पद्धतीचे सारे मर्म त्यात आहे. तो दोन्ही विक्रियांचा वेग वाढवतो. शिवाय द्रावण अल्कधर्मी ठेवून कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत भार आणतो. भारित कण एकमेकांना दूर ढकलतात आणि गुठळ्या होत नाहीत. हीच विक्रिया अम्लात केली तर विच्छेदन वेगाने व संघनन सावकाश होते, गोळ्यांऐवजी साखळ्या वाढतात आणि शेवटी सगळे मिळून जेल बनते. ती वाटही निरुपयोगी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने सिलिकॉनच्या अशाच एस्टरांपासून जलरोधी एरोजेलवर, म्हणजे जेलमधल्या द्रवाच्या जागी हवा असलेल्या घनावर, दीर्घकाळ काम केले. तिथल्या प्रयोगशाळेचे नावच ‘एअर ग्लास’ असे आहे.

कृती व व्यास : एथॅनॉलमध्ये पाणी व अमोनिया मिसळून ढवळत ठेवतात आणि टीईओएस एकदम ओततात. काही मिनिटे काहीच दिसत नाही, मग द्रावणाला निळसर झाक येते आणि पुढे ते दुधी होते. कणांची बरीचशी वाढ लवकर आटोपते, तरी उरलेले एस्टर संपावे म्हणून ढवळणे रात्रभर चालू ठेवण्याची रीत आहे. नंतर केंद्रोत्सारक यंत्रात कण खाली बसवून एथॅनॉलने धुतात. रूढ संहती टीईओएसची 0.1 ते 0.5, अमोनियाची 0.5 ते 3 आणि पाण्याची 0.5 ते 17 मोल प्रतिलिटर. अमोनिया वाढवला की साधारणपणे व्यास वाढतो. पाणी वाढवले तर तो 6-7 मोल प्रतिलिटरपर्यंत वाढतो व पुढे पुन्हा घटतो. तापमान वाढले की कण लहान होतात. मिथेनॉलमध्ये लहान कण झटपट मिळतात, ब्युटेनॉलमध्ये मोठे कण सावकाश.

कृती सोपी असली तरी तोच व्यास पुन्हा मिळवणे सोपे नाही. अमोनियाची बाटली वारंवार उघडली की वायू निघून जातो आणि लेबलवरची टक्केवारी खोटी ठरते. ‘इतके मिलिलिटर अमोनिया’ एवढेच सांगणाऱ्या कृतीवर म्हणून फारसे विसंबू नये. संहती मोजून घेणे बरे. मोठे कण हवे असतील तर एकदम जास्त टीईओएस ओतण्यापेक्षा तयार कणांवर ते थोडेथोडे चढवतात. व्यास दुप्पट करायचा तर आकारमान आठपट होते, म्हणजे आधीच्या सातपट नवी सिलिका लागते, आणि ती घाईने दिली तर नवेच बारीक कण जन्मतात.

कण एकसारखे का होतात यावर दोन मते आहेत. ला मेर यांच्या प्रतिमानानुसार अतिसंपृक्त द्रावणात केंद्रके, म्हणजे कणांची बीजे, थोड्याच अवधीत जन्मतात आणि मग फक्त वाढतात. बोगुश व झुकोस्की यांच्या मते केंद्रके बराच काळ जन्मत राहतात, पण ती इतकी लहान व अस्थिर असतात की एकमेकांना किंवा मोठ्या कणांना चिकटून संपतात. पाणी-अमोनियाच्या प्रमाणाचा विचित्र परिणाम दुसऱ्या मताने अधिक चांगला समजतो. कण वाढत जातात तशी व्यासातील सापेक्ष तफावत कमी होते. म्हणूनच 50 नॅनोमीटरच्या खाली ही पद्धत ढिली पडते. तिथे अमोनियाऐवजी लायसीन किंवा आर्जिनीन ही अमिनो अम्ले वापरतात, नाहीतर तेलातल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत, म्हणजे उलट्या सूक्ष्मपायसात, कण वाढवतात.

कार्यात्मक कण : सिलिकेच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात, पूर्ण जलयुक्त सिलिकेवर दर चौरस नॅनोमीटरला सु. 5. त्यांच्याशी सिलेन संयुगे जोडली जातात. अमिनोप्रोपिल ट्रायएथॉक्सिसिलेन जोडले की अमीन गट मिळतो व त्याला प्रथिन, डीएनए किंवा रंगद्रव्य बांधता येते. थायोल गटाचे सिलेन सोने पकडते, लांब कार्बन साखळीचे सिलेन कणाला जलरोधी करते, पॉलिएथिलीन ग्लायकॉल रक्तातील प्रथिने चिकटू देत नाही. अमीनच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. साध्या सिलिकेचा समविद्युत बिंदू, म्हणजे पृष्ठभागावरचा भार शून्य होतो तो सामू, 2 च्या आसपास असतो. अमीनमुळे तो बराच वर सरकतो आणि त्याच्या जवळच्या सामूला भार नाहीसा होऊन कण गोळा होतात. सिलेन जास्त झाले तर ते आपसांतच जुळून जाड, ओबडधोबड थर देते.

रंगद्रव्य वरून न लावता आत कोंडणे अधिक टिकाऊ. आल्फोन्स फान ब्लाडेरेन व आखिएनुस फ्रै यांनी 1992 मध्ये फ्लुओरेसीन आधी अमिनो सिलेनला बांधून मग स्टोबर विक्रियेत घातले. रंग जाळ्यातच विणला गेला. कॉर्नेल विद्यापीठातील उलरिच वीस्नर यांच्या गटाचे चमकणारे कण याच कल्पनेतून निघाले. त्यांच्या पुढील रूपाला 2011 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडून माणसांवरील पहिल्या चाचणीची परवानगी मिळाली. सोन्याच्या कणांवर सिलिकेचे कवच चढवण्याची पद्धत लिस-मार्सान, गीर्सिग व मलव्हेनी यांनी 1996 मध्ये दिली.

छिद्रे पाडण्यासाठी विक्रियेत सीटॅब हा पृष्ठसक्रियक घालतात. त्याच्या रेणूंच्या दंडगोल पुंजक्यांभोवती, म्हणजे मिसेलांभोवती, सिलिका बसते. पुढे सीटॅब सु. 550 अंश सेल्सियसला जाळून किंवा अम्लयुक्त अल्कोहॉलने धुऊन काढला की 2-3 नॅनोमीटरची छिद्रे व ग्रॅमला सु. 1,000 चौ. मी. पृष्ठभाग मिळतो. मोबिल कंपनीच्या 1992 मधील एमसीएम-41 या सच्छिद्र सिलिकेचे हे तत्त्व ग्रून, लाउअर व उंगर यांनी 1997 मध्ये स्टोबर पद्धतीत आणले. 2001 मध्ये मारिया व्हालेट-रेगी यांच्या गटाने एमसीएम-41 च्या छिद्रांत आयब्युप्रोफेन भरून दाखवले आणि औषधवहनाचे दार उघडले.

सुरक्षितता : स्टोबर सिलिका अस्फटिकी असते, त्यामुळे क्वार्ट्‌झच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचा संबंध तिच्याशी थेट लावता येत नाही. तरी कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. कण एथॅनॉलमध्ये ठेवणे त्या दृष्टीनेही बरे, कारण एकदा वाळलेले कण पुन्हा सुटे होणे कठीण. टीईओएस ज्वलनशील असून त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. त्याचे मिथिल भावंड, टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेट, अधिक वेगाने विक्रिया करते, पण त्याच्या वाफेने डोळ्याच्या पारपटलाला कायमची इजा होऊ शकते. ते वायुवीजन कक्षाबाहेर उघडू नये.