पहिल्या स्लॅबचं घर विकायला निघालंय

आमच्या प्रवरा पट्ट्यातल्या गावात १९६१ सालचा बंगला विकायला काढलाय. मालकाची मुलं पुण्यात असतात. गिऱ्हाईक येतं ते फक्त जागेचा भाव विचारतं. घर पाडायचंच म्हणतात.

दिसायला घर साधंच. सपाट स्लॅब, खिडक्यांवर लांब छज्जा, सिमेंटची जाळी, मोझॅकची फरशी. पण त्यात आपला इतिहास आहे.

भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालं. पाटाला पाणी आलं, ऊस आला, तरी आमची घरं मातीचीच राहिली. उसाचा गूळ करायचा आणि भाव पडला की कर्ज अंगावर. १९५० अखेर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. शेतकरी सभासद झाला, हातात पैसा राहू लागला. म्हणजे पाणी आल्यावर ३५ वर्षांनी गावात पहिला स्लॅब टाकला गेला!

सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं. वडिलांनी या घराला नदीची वाळू बैलगाडीनं वाहिली. जुन्या वाड्यात माणसं अन् गुरं एकाच दारानं आत जायची. इथं गोठा पहिल्यांदा वेगळा, मागं बांधला.

घर वाचेल असं वाटत नाही. म्हणून काल टेप घेऊन खोल्यांची मापं वहीत उतरवली, फोटो काढले. तुमच्या गावात पहिला स्लॅब कधी टाकला, कोणत्या पिकाच्या पैशावर? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा.