स्टेज कीबोर्डवर एफएमचे आवाज : पर्याय आणि पारख

रंगमंचावर वाजविण्यासाठी बनविलेल्या डिजिटल कीबोर्डमध्ये पियानो, ऑर्गन, व्हायोलिनवृंद असे शेकडो आवाज तयार मिळतात. तरीही १९८०च्या दशकातील पाश्चात्त्य पॉप गीते वाजविण्याची वेळ आली, की अनेक वादकांना एक उणीव जाणवते. त्या काळातील संथ प्रेमगीतांत सर्वत्र ऐकू येणारा, काचेसारखा स्वच्छ आणि घंटेची किणकिण मिसळलेला इलेक्ट्रिक पियानो त्यांना हवा असतो. कीबोर्डच्या यादीत त्या नावाचा आवाज सापडतो, ऐकायलाही तो तसाच वाटतो. बोटांना मात्र तो परका लागतो. या परकेपणाचे कारण एफएम पद्धतीच्या मुळाशी आहे. ते समजून न घेता कीबोर्डला हे आवाज जोडायला गेल्यास खर्च होतो आणि उणीव तशीच राहते.

ध्वनिमुद्रण नव्हे, सूत्र

एफएम म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. एका लहरीच्या साह्याने दुसऱ्या लहरीची वारंवारता सतत बदलत ठेवणे, हे त्याचे तत्त्व. रेडिओ प्रक्षेपणात ते पूर्वीपासून वापरले जात होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्वराच्या कंपनावर प्रयोग करताना त्याचा सांगीतिक उपयोग उमगला. कंपनाची गती वाढवत नेल्यावर एका मर्यादेनंतर कानाला स्वराचे हेलकावे ऐकू येईनासे होतात आणि त्यांच्या जागी एक नवाच ध्वनी उमटतो, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाने या तंत्राचे हक्क जपानच्या यामाहा कंपनीला दिले आणि १९७७ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मंजूर झाले. यामाहाने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या डीएक्स-७ या सिंथेसायझरने हे तंत्र जगभरच्या वादकांच्या हाती दिले.

यातील जी लहर प्रत्यक्ष ऐकू येते ती वाहक, आणि जी तिला हलवते ती मॉड्युलेटर. या दोन लहरींच्या वारंवारतांचे प्रमाण साध्या पूर्णांकांत असेल, तर सुरेल स्वर मिळतो. १ : १.४ यासारखे प्रमाण ठेवले, तर घंटेसारखा धातुमय नाद उमटतो. मॉड्युलेटरचा जोर जितका अधिक, तितका आवाज अधिक तेजस्वी. डीएक्स-७ मध्ये अशा ६ लहरी, म्हणजेच ऑपरेटर, ३२ वेगवेगळ्या रचनांत जोडता येत आणि एका वेळी १६ स्वर वाजत.

या वाद्यातील सर्वांत गाजलेल्या इलेक्ट्रिक पियानोची घडण पाहण्याजोगी आहे. वाहक आणि मॉड्युलेटर यांच्या तीन जोड्या त्यात एकत्र वाजतात. त्यांपैकी एका जोडीतील मॉड्युलेटरची वारंवारता वाहकाच्या १४ पट असते. स्वराच्या आरंभी ऐकू येणारी किणकिण ती याच जोडीची. कळ जोरात दाबली, की या मॉड्युलेटरचा जोर वाढतो आणि किणकिण उजळते; हलक्या हाताने वाजविल्यास ती जवळजवळ नाहीशी होते. थोडक्यात, येथे बोटाचा जोर नुसता आवाज लहानमोठा करीत नाही, तर स्वराची जातच बदलतो.

पर्याय पहिला : ध्वनिमुद्रित नमुने

बहुतेक स्टेज कीबोर्डमधील एफएम पियानो हे मूळ वाद्याचे ध्वनिमुद्रित नमुने, म्हणजे सॅम्पल असतात. हलका, मध्यम आणि जोरकस अशा काही पातळ्यांवर स्वर मुद्रित केले जातात व कळेच्या वेगानुसार योग्य तो नमुना वाजविला जातो. हा मार्ग सर्वांत सोपा आणि स्वस्त आहे. गर्दीच्या कार्यक्रमात, ढोलक आणि गिटारच्या साथीत दोन-तीन गाण्यांपुरता एफएमचा रंग हवा असेल, तर तो पुरेसाही ठरतो. मात्र दोन पातळ्यांच्या मधला सलग चढ त्यात सहसा नीट मिळत नाही. शिवाय मॉड्युलेटरचे प्रमाण बदलून नवा आवाज घडविणे शक्य नसते. कारण नमुन्यात परिणाम साठवलेला असतो, त्यामागचे सूत्र नसते.

पर्याय दुसरा : कीबोर्डच्या आतच एफएम

काही कीबोर्डांत एफएमची स्वतंत्र यंत्रणा बसविता येते किंवा मुळातच दिलेली असते. यामाहाच्या एस-८० आणि २००२ मधील एस-९० या ८८ कळांच्या वाद्यांत प्लग-इन कार्डांसाठी खाचा होत्या. त्यांत पीएलजी-१५० डीएक्स हे कार्ड बसविले, की डीएक्स-७ च्या धर्तीची ६ ऑपरेटरची, १६ स्वरांची यंत्रणा त्याच वाद्यात येई आणि जुने आवाजही तीत भरता येत. ही कार्डे आता बनत नाहीत. जुन्या बाजारात ती घेताना आपल्या कीबोर्डमध्ये तशी खाच आहे ना, याची आधी खात्री करावी.

स्वीडनच्या नॉर्ड स्टेज मालिकेतील सिंथेसायझर विभागातही एफएम आहे, परंतु ते साधे असून डीएक्स-७ चे आवाज त्यात भरता येत नाहीत. यामाहाने २०१६ मध्ये आणलेल्या मोंटाज कीबोर्डमध्ये ८ ऑपरेटर आणि ८८ रचनांची विस्तारित यंत्रणा दिली. २०१८ मधील मोडएक्सने ती कमी किमतीत उपलब्ध केली. जुन्या डीएक्स-७ चे आवाज या वाद्यांसाठी रूपांतरित करण्याची विनामूल्य सोयही यामाहाने केली. नवा कीबोर्ड घ्यायचाच असेल आणि एफएम नियमित लागत असेल, तर हा मार्ग सर्वांत कमी कटकटीचा आहे.

पर्याय तिसरा : बाहेरून जोडणी

हाताशी असलेला कीबोर्ड बदलायचा नसेल, तर मिडी तारेने दुसरे वाद्य किंवा संगणक जोडता येतो. डीएक्स-७ च्याच कुळातील टीएक्स-८०२ सारखी बिनकळांची यंत्रे जुन्या बाजारात मिळतात. नव्या यंत्रांत कॉर्गचे व्होल्का एफएम डीएक्स-७ चे आवाज स्वीकारते. त्याची २०१६ ची पहिली आवृत्ती केवळ ३ स्वर एकत्र वाजवी आणि मिडीवरून येणारा कळेचा वेग ती थेट ओळखत नसे. स्पर्श हाच एफएमचा प्राण असल्याने वादकासाठी ही मोठीच उणीव होती. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती दूर झाली आणि स्वरांची संख्याही ६ झाली. यामाहाचे २०१५ मधील रीफेस डीएक्स हे ४ ऑपरेटरचे असल्याने डीएक्स-७ चे आवाज त्यात जसेच्या तसे भरता येत नाहीत.

संगणक जवळ असेल, तर डेक्स्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर डीएक्स-७ च्या घडणीवर बेतलेले आहे. संगणकावर विलंबाकडे मात्र लक्ष द्यावे लागते. ४४,१०० हर्ट्झला १२८ नमुन्यांचा साठा ठेवल्यास त्यामुळे होणारा विलंब सुमारे ३ मिलिसेकंद असतो. १,०२४ चा साठा ठेवल्यास तो २३ मिलिसेकंदांवर जातो आणि हात अडखळू लागतो.

जोडणीतील बारकावे

कीबोर्डचा हवा तो भाग बाह्य वाद्यासाठी राखून दोन्हीकडे एकच मिडी चॅनेल ठेवावा. त्या भागात कीबोर्डचा स्वतःचा आवाज नको असल्यास तो बंद करावा, अन्यथा दोन्ही आवाज एकावर एक वाजतात. अर्थात कधी कधी हेच हवे असते. पियानोच्या आवाजावर एफएमचा पातळ थर देणे ही १९८०च्या दशकातील लोकप्रिय रीत होती. त्या वेळी दोन्ही वाद्ये एकाच सुरात आहेत ना, हे आधी तपासावे.

बाह्य एफएम जोडल्यावर ‘आवाज फार कर्कश येतो’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मिडीमध्ये कळेचा वेग १२७ पर्यंत मोजला जातो. परंतु डीएक्स-७ च्या स्वतःच्या कळा त्या टोकापर्यंत जात नसत. त्यावर घडविलेले आवाज आजच्या कीबोर्डवरून पूर्ण जोराने वाजविले, की मॉड्युलेटर अपेक्षेपेक्षा अधिक उसळतात. कीबोर्डमधील वेगाची प्रतिक्रिया जड ठेवावी किंवा कमाल मर्यादा खाली आणावी, म्हणजे आवाज पूर्ववत मऊ होतो. डीएक्स-७ चा ध्वनी मोनो असे. ध्वनिमुद्रिकांत ऐकू येणारा त्याचा पसारा बहुधा कोरस या इफेक्टमुळे आलेला असतो. तो मिक्सरवर किंवा वेगळ्या यंत्राने द्यावा.

आवाजांची जपणूक

डीएक्स-७ मधील ३२ आवाजांची संपूर्ण बँक केवळ ४,१०४ बाइटची असते. मिडी तारेवरून ती सुमारे १.३ सेकंदांत पोचते. इतका लहान आकार शक्य होतो, कारण तिच्यात ध्वनी नसून आकड्यांचे सूत्र असते. त्यामुळे चार दशकांपूर्वी घडविलेला आवाज आजच्या यंत्रात हुबेहूब जिवंत करता येतो. परंतु जुन्या यंत्रांची स्मृती आतील बॅटरीवर टिकते. ती संपली, की वादकाने स्वतः घडविलेले आवाज कायमचे पुसले जातात. जुने वाद्य हाती येताच प्रथम त्यातील बँका संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि मगच बॅटरी बदलावी.

पारख कशी करावी

खरेदीपूर्वीची परीक्षा सोपी आहे. एकच कळ अगदी हलक्या हातापासून पूर्ण जोरापर्यंत पंधरा-वीस वेळा वाजवावी. आवाज फक्त मोठा होत गेला किंवा मध्येच टप्प्याने बदलला, तर तो बहुधा नमुना असतो. तो पायरी न जाणवता उमलत गेला, तर आत सूत्र काम करीत आहे असे समजावे. मोजक्या गाण्यांपुरत्या वापराला नमुना पुरतो. ज्याचे वादनच या स्पर्शावर उभे आहे, त्याने मात्र आवाजांच्या संख्येला भुलण्याऐवजी या परीक्षेवर विश्वास ठेवावा.